अनुभव धागा: डीओएफईच्या मुलांसोबत डोंगरात

रानभूल:
लॉफ्ट आवरताना पावसात भिजून फुगलेलं जुनं रूट कार्ड (वाटेचे टप्पे आणि वेळा लिहिलेला कागद) सापडलं, म्हणून हा धागा. इंग्लंडात ड्यूक ऑफ एडिनबर्ग अवॉर्डसाठी (डीओएफई: तरुण मुलांनी छंद, व्यायाम, समाजसेवा आणि मोहीम पुरी करून मिळवायचा अवॉर्ड) वर्षानुवर्षं राबणारे इथे बरेच आहेत. कामाचं लिहा. माझ्याकडून वेळेचं गणित: मुलं ताशी ५ किमी धरतात. पाठीवर बोजा असेल तर ३ ते ३.५ धरा, शिवाय दर १० मीटर चढाला १ मिनिट. नाहीतर तंबू अंधारात ठोकावा लागतो.

चकवा:
ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरची जागा सांगणारे आकडे! सहा आकड्यांत पहिले तीन पूर्वेचे, नंतरचे तीन उत्तरेचे. उलटे पडले की चेकपॉइंट भलत्याच खोऱ्यात. "बरोबर आहे ना रे?" विचारून भागत नाही, एकेक आकडा नकाशावर लावून बघा.

सुगरण:
ट्रँजिया, म्हणजे तो स्पिरिटचा स्टोव्ह, कसा विसरलात? स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. विझलाय समजून वरून ओतलं की भडका थेट बाटलीपर्यंत. पूर्ण निवल्यावरच भरा. झाकणात रबरी कडं असतं, तापल्या बर्नरवर फिरवलं की वितळतं आणि मग सॅकमधल्या ब्रेडला स्पिरिटचा वास. दोन तृतीयांश भरलेला बर्नर साधारण २५ मिनिटं चालतो. खिचडीचा हट्ट सोडा.

पोहेप्रेमी:
दडपे पोहे न्या की. चूलच नको 😄

सुगरण:
डार्टमूरच्या उजाड माळावर नारळ तू खवणार का?

वाटाड्या:
मूळ मुद्दा राहतोय. गट ४ ते ७ जणांचा, मोठ्यांशिवाय चालणारा. मागेमागे फिरू नका, पुढच्या चेकपॉइंटला जाऊन भिंतीआड बसा. कुठलं वळण चुकेल ते आधीच हेरून ठेवा. चुकीच्या वाटेवर पुढे भिंत किंवा रस्ता आडवा येत असेल तर जाऊ द्या, आपणच परततात. कडा किंवा दलदल असेल तर लगेच अडवा.

मीनल_लीड्स:
+१. आणि चेकपॉइंटला "पाय दाखव" म्हणा. सगळे थांबतील म्हणून मुलं बोलत नाहीत. नुसतं चुरचुरत असतानाच झिंक ऑक्साइड टेप लावायची. फोडावर लावली तर काढताना कातडीसकट निघते.

तबलजी:
जरा अवांतर. मुलाचा तबला अवॉर्डच्या कुठल्या विभागात धरतात?

मीनल_लीड्स:
स्किल्समध्ये. भरतनाट्यम मात्र फिजिकलमध्ये. असेसर (अहवाल देणारा) नातेवाईक चालत नाही, मावशीच शिकवत असली तरी अहवाल दुसऱ्याकडून घ्या.

गडकरी_नव्हे:
भारतात आहे का हे?

वाटाड्या:
आहे, इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल. बरंचसं शाळांमार्फत चालतं. सह्याद्रीत उन्हाळी मोहीम आखलीत तर टाक्यांच्या भरवशावर राहू नका, बरीच आटलेली असतात. बाय द वे, इंग्लंडात १९५६ साली हे सुरू झालं तेव्हाचे पहिले संचालक जॉन हंट, म्हणजे १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते.

पोहेप्रेमी:
ते कडं सुटं मिळतं का? आमचं वितळलंय.

सुगरण:
मिळतं. दोन घे.