बाहेरचे दिवे: सोलर घ्यावेत की वायरिंग करावं?

काळोखी_पायरी
गेटपासून दारापर्यंत साधारण १५ मीटरची वाट आहे, मधे तीन पायऱ्या, आणि घराच्या मागे एक कोपरा आहे तिथे रात्री डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. मागच्या आठवड्यात आई शेवटच्या पायरीवर अडखळली, भिंत हाताला लागली म्हणून वाचली, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. सोलर घेतले तर खोदकाम नाही, पण दोन वर्षांत भंगार होतात म्हणे. वायरिंग करायचं तर फरशी उखडावी लागेल असं वाटतंय. दोन्ही वापरलेलं कुणी आहे का?

गच्चीवरचा
पायऱ्यांना वायरिंगच करा, तिथे अजिबात तडजोड नको. माझ्याकडे पायऱ्यांवर सोलर होते, सलग चार दिवस ढगाळ गेले की रात्री नऊलाच मान टाकायचे, आणि घरातलं माणूस तर दोन वाजताही उठतं. वाटेच्या कडेला, नुसती कड दिसण्यापुरते सोलर छान.

फेज_न्यूट्रल
बॉक्सवरचे वॉट बघूच नका, १०० वॉट छापलेलं असतं आणि पॅनल तळहाताएवढं. बॅटरी बघा. ३.२ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर म्हणजे १६ वॉट-अवर झाले, त्यावर १० वॉटचा दिवा फार तर दीड तास जळणार, रात्रभर चालतो म्हणतात तो मंद होऊन चालतो आणि कुणी समोर आलं की सेन्सरमुळे तेवढ्यापुरता मोठा होतो. मागच्या कोपऱ्याला तसा सेन्सरवाला पुरेल. उलट ९ वॉटचा एलईडी रोज १२ तास लावलात तरी महिन्याला सव्वातीन युनिटच होतात, त्यामुळे बिलाला घाबरू नका.

फरशी उखडायची गरज नाही हो, भिंतीच्या कडेने पाइपातून वायर नेता येते. फक्त बाहेरच्या लाइनला वेगळा एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) हवाच, पावसात भिजणारे दिवे आयपी६५ (धूळ-पाणी आत न शिरणारे) घ्या, आणि जमिनीतून न्यायचीच झाली तर आर्मर्ड केबल (धातूचं कवच असलेली), मधे जॉइंट न देता. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

जुना_सेल
सोलर बंद पडला की लगेच फेकू नका. माझा एक उघडला तर आत साधा पेन्सिल सेलच्या मापाचा १.२ व्होल्टचा रिचार्जेबल सेल, टोकाला पांढरी भुकटी धरलेली. ती खरवडून नवीन सेल घातला, त्याच संध्याकाळी लागला. निकेल-मेटल हायड्राइडच घ्या, रिमोटमधला साधा सेल घालू नका, तो चार्ज करायचा नसतो. आणि पॅनल अधूनमधून ओल्या फडक्याने पुसा.

अजून एक, त्या छोट्या दिव्यांत बहुतेक वेळा पॅनलच सेन्सरचं काम करतं, त्यामुळे वायरवाल्या दिव्याचा उजेड त्यावर पडला की त्याला दिवस आहे असंच वाटतं आणि तो लागतच नाही. माझे पहिले दोन याच कारणाने महिनाभर बंद होते.

काळोखी_पायरी
बरं झालं विचारलं, पहिला सोलर मी पायरीच्या दिव्याखालीच लावणार होतो! पायऱ्यांचं वायरिंग ठरलं. पण मागच्या कोपऱ्यात ऊन जेमतेम तासभर येतं, मग तिथे काय?

फेज_न्यूट्रल
पॅनल वेगळं असलेला घ्या, मधे तीन-चार मीटर वायर असते. पॅनल वर उन्हात, दिवा खाली कोपऱ्यात.