मदत हवी आहे: कॅमकॉर्डर ५०चा घ्यावा की ६०चा?

तन्मात्रा
दोन वापरलेले एचडी कॅमकॉर्डर समोर आहेत. पहिला एचडीव्ही, म्हणजे फितीवरच्या एचडी प्रकारचा; १०८०आय ५० नोंदवतो (आय म्हणजे इंटरलेस्ड, एका वेळी एकाआड एक ओळी). दुसरा अमेरिकी बाजारातला, कार्डवर एव्हीसीएचडी २.० या नोंदणीच्या प्रकारात १०८०पी ६० पर्यंत जातो (पी म्हणजे प्रोग्रेसिव्ह, दर वेळी पूर्ण फ्रेम). चित्रीकरण ५० हर्ट्झ विजेवर, मुख्यतः सभागृहातले नृत्याचे कार्यक्रम. बघणारे निम्मे भारतात, निम्मे अमेरिकेत, आणि काहींना ब्लू-रे डिस्कच हवी आहे. एचडीत पाल (भारतातलं) आणि एनटीएससी (अमेरिकेतलं) या जुन्या टीव्ही मानकांची भानगड उरली नाही असं वाचलं. मग कोणताही चालेल का?

दृक्पट
भानगड अर्धीच मिटली. पाल ७२० × ५७६ आणि एनटीएससी ७२० × ४८० होतं, म्हणजे ओळीही वेगळ्या आणि गतीही. एचडीत दोन्हीकडे १९२० × १०८० आलं, पण गती जुनीच राहिली: एकीकडे सेकंदाला ५०, दुसरीकडे ५९.९४ (बोलताना ६०).

अमेरिकेतले बरेच टीव्ही आणि प्लेअर ५०चा संकेत घेतच नाहीत. उलट ५० हर्ट्झच्या देशांतले बहुतेक एचडी टीव्ही ६०चा संकेत विनातक्रार दाखवतात. त्यामुळे बघणाऱ्यांचा विचार केला तर दुसरा कॅमेरा सरस.

एचडीव्ही आता घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. चित्र १४४० × १०८० चं, पिक्सेल आडवे ताणलेले, संपादनात १.३३ हे गुणोत्तर चुकलं की माणसं बारीक दिसतात. तासाभराची फीत संगणकावर घ्यायला तासच लागतो, तोही संगणकाला फायरवायर (जुन्या प्रकारची जोडणी) असेल तर. शिवाय ५०आयमध्ये १२ फ्रेम एका गटात दाबलेल्या असतात, म्हणून फितीवर एक डाग पडला तरी जवळजवळ अर्ध्या सेकंदाचं चित्र जाऊ शकतं.

तन्मात्रा
५०चं चित्रण नंतर ६०चं करता येत नाही का?

दृक्पट
येतं, पण नृत्याला ते मारक आहे. सेकंदाला साधारण १० फ्रेम दुप्पट कराव्या लागतात आणि गिरकी अडखळते. मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने रचल्या तर बोटांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. ५०पीतून एकाआड एक फ्रेम घेऊन २५पी करायचं आणि ते २४ वर चालवायचं, ही युक्ती मुलाखतींना उत्तम. पण तासाचे साडेबासष्ट मिनिटं होतात, लय ४ टक्के मंदावते. तालाच्या कार्यक्रमाला हे चालणार नाही.

अर्धमात्रा
प्रकाशाचं कोणी बोललं नाही. ५० हर्ट्झ विजेवरचे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ६०पीत शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) १/६० सेकंद ठेवलं तर प्रत्येक फ्रेमला १.६७ लुकलुक मिळते, दर फ्रेमला वेगळा तुकडा, म्हणून उजेड थरथरतो. शटर हाताने १/१०० वर बांधून टाका. प्रत्येक फ्रेमला नेमकी एक पूर्ण लुकलुक मिळते. १/५० चा सल्ला सर्रास दिला जातो, पण ६०पीत ते शक्यच नाही, कारण फ्रेमच १/६० सेकंदाची आहे. ३०पीत मात्र १/५० चालतं.

याची किंमत सुमारे पाऊण स्टॉप उजेड (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). अंधाऱ्या मंचावर तेवढा गेन (कॅमेऱ्यातली संकेताची वाढ) वाढवावा लागेल, दाणे दिसतील. डिमरवर मंद केलेले एलईडी कधीकधी याही शटरला जुमानत नाहीत; शटर बारीक पायऱ्यांनी बदलता येत असेल तरच तिथे इलाज आहे.

दृक्पट
बरोबर, हा मुद्दा निर्णायक आहे. त्या कॅमेऱ्यात शटर हाताने लावता येत नसेल तर घेऊ नका. मग ५०/६० अदलाबदल करता येणारं मॉडेल शोधा. तशा बऱ्याच मॉडेलांत बदल केल्यावर कार्ड फॉरमॅट करावं लागतं, तेव्हा दोन गतींसाठी दोन कार्डं ठेवा.

डिस्कसाठी एक लक्षात घ्या: मूळ ब्लू-रे मानकात १०८०पी ६० नाही. त्यातून १०८०आय ५९.९४ किंवा ७२०पी ५९.९४ बनवा. नृत्याला मी ७२०पी निवडेन, सगळ्या ६० हालचाली पूर्ण फ्रेममध्ये राहतात.

अर्धमात्रा
कार्डवरून फक्त एमटीएस (चित्रणाच्या) फायली उचलू नका, ‘प्रायव्हेट’ हे अख्खं फोल्डर उतरवा. लांब चित्रण कॅमेरा २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत तोडतो. तुकडे सुटे जोडले तर सांध्यावर आवाज क्षणभर तुटतो. फोल्डर असेल तर संपादनाचं सॉफ्टवेअर ते सलग धरतं.

विकत घेण्याआधी ट्यूबलाइटखाली १/१०० वर मिनिटभर पांढरी भिंत चित्रित करून बघा आणि फाइल मीडियाइन्फो या फाइलीचा तपशील दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ५९.९४ आणि ‘प्रोग्रेसिव्ह’ दिसलं पाहिजे. ‘इंटरलेस्ड’ दिसलं तर मेनूत नोंदणीचा दर्जा ६०पीवर नेऊन पुन्हा तपासा.