शेजारच्या मोठ्या स्टोअरने पगार वाढवले, तीन माणसांच्या किराणा दुकानाने काय करावे?

मुलुंड_किराणा
मुलुंड पूर्वेला किराणा दुकान आहे, गाळा स्वतःचा. काउंटरवर दोघे, डिलिव्हरीला एक. प्रत्येकी १४,००० पगार आणि दुपारचे जेवण. महिन्याची विक्री ९ लाख, ढोबळ नफा सरासरी १२ टक्के. स्टेशनजवळच्या मोठ्या साखळी स्टोअरने भरतीच्या बोर्डावर २०,५०० लिहिले आहेत आणि तिघेही वाढ मागत आहेत. प्रत्येकी साडेसहा हजार वाढवले तर महिन्याला १९,५०० जादा लागतील. यात मार्ग कसा काढायचा?

हिशेबनीस_गिरगाव
आधी बोर्डावरचा आकडा फोडून बघा. असा आकडा बहुतेक वेळा कंपनीला पडणारा एकूण खर्च असतो. ठोक पगार १८,००० आणि पीएफ १५,००० वर धरला, तर कंपनीचा पीएफ १,८००, त्यावरचा विमा व प्रशासकीय शुल्क मिळून १५०, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) ३.२५ टक्क्यांनी ५८५. बेरीज २०,५३५. माणसाच्या पगारातून पीएफचे १,८००, ईएसआयसीचे १३५ आणि व्यवसाय कराचे २०० कापले जातात, म्हणजे हातात १५,८६५. (बाई कामाला असेल तर २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही.)

म्हणजे हातातला फरक १,८६५ चा. तुमचे जेवण ६० रुपयांचे धरले तरी २६ दिवसांचे १,५६० होतात. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नका. पीएफचे दोन्ही हप्ते त्याच्याच कामी येतात, फक्त कंपनीच्या हप्त्यातला मोठा भाग पेन्शन योजनेत जातो, आणि ईएसआयसीत घरच्यांचे औषधपाणी निघते. लग्न झालेला माणूस हे बरोबर मोजतो. २० पेक्षा कमी माणसे असली तरी दोन्ही बाजूंच्या संमतीने पीएफ घेता येतो. तेवढे झेपत नसेल तर निदान डिलिव्हरीवाल्याचा बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा काढून द्या. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते.

लालबाग_घाऊक
वाढ किती पेलेल ते विक्रीत मोजा. १२ टक्के नफ्यावर पगाराचे १,००० रुपये भरून काढायला ८,३३३ रुपयांची जादा विक्री लागते. तिघांना २,००० दिले तर ६,०००, म्हणजे महिन्याला ५०,००० आणि दिवसाला साधारण १,६७० ची जादा विक्री. साबण-बिस्किटांवर ती काढू नका, तिथे मोठ्या स्टोअरची सवलत तुम्हाला परवडणारच नाही. सुटा माल, मसाले, सुकामेवा, दळून दिलेली पिठे यांवर २० टक्के सुटत असतील तर तेच ६,००० रुपये ३०,००० च्या विक्रीत निघतात.

सगळ्यांना सारखी वाढ देऊ नका. कोणाची उधारी किती, कोणत्या घरी कोणता तांदूळ जातो, हे ज्याच्या डोक्यात आहे त्याला आधी आणि जास्त द्या. नवा मुलगा १५,००० वर आला आणि जुना १५,५०० वर राहिला, तर जाणारा जुनाच असतो. गल्ला घसरल्याशिवाय मालकाच्या ते ध्यानात येत नाही, याचे फार वाईट वाटते.

पगाराइतकीच ओढ असते ती ठरलेल्या वेळेची आणि आठवड्याच्या सुट्टीची. सकाळी ७ ते रात्री १० एकाच माणसाला उभे करू नका. एकाला ७ ते ४, दुसऱ्याला १ ते १०, दोघांनाही मध्ये जेवणाची सुट्टी. १ ते ४ दोघे असतात, तेव्हा माल लावणे आणि पुड्या बांधणे उरकते. बोनस पूर्ण दिवाळीला दिलात की भाऊबीजेनंतर माणूस गळतो, म्हणून अर्धा दिवाळीला आणि अर्धा गावाहून परतल्यावर जूनमध्ये द्या. हे आधीच कागदावर लिहून द्या. महिन्याचा पगार मात्र एक दिवसही अडकवू नका.

अर्थ_विलेपार्ले
अमेरिकेतही हेच दिसले. अॅमेझॉनने १ नोव्हेंबर २०१८ पासून तिथल्या सगळ्या कामगारांना तासाला किमान १५ डॉलर लागू केले. केंद्राचे किमान वेतन तेव्हा ७.२५ डॉलर होते, आजही तेवढेच आहे. नोकरीच्या जाहिरातींच्या अभ्यासात आढळले की त्या भागातल्या इतर मालकांनीही पगार चढवले, आणि सर्वांत जास्त वेळा नेमका तोच आकडा लिहिला. बड्या कंपनीत एका माणसामागे विक्री मोठी, त्यामुळे तिला वाढ पेलते. तुम्ही त्यांचा आकडा उचललात तर त्यांच्या विक्रीचे गणित तुमच्या गल्ल्यावर लादाल.

मुलुंड_किराणा
हिशेब लक्षात आला. एकाला मोकळे करून राहता-जेवता नवा मुलगा १०,००० वर घेतला तर?

हिशेबनीस_गिरगाव
नको. तीन माणसांच्या दुकानालाही किमान वेतन लागू आहे, आणि राहणे-जेवण त्यातून परस्पर वजा करता येत नाही. महाराष्ट्रात किमान वेतनातला महागाईचा विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. तुमचे आजचे १४,००० सुद्धा मुंबईच्या परिमंडळाच्या ताज्या दराशी ताडून बघा. कुशल, अर्धकुशल, अकुशल यांचे दर वेगळे आहेत, आणि काउंटर सांभाळणाऱ्याला अकुशलात धरू नका. कमी पडत असेल तर तो फरक आधी भरा, वाढीचे गणित त्याच्यावर मांडा. पगार बँकेतून द्या.