सहलीत त्यांच्याकडे कोणते काम असे? शरदातल्या कौटुंबिक सहलींचे अनुभव लिहावेत

रामटेकच्या गडावर जायला आमच्या घरात एकच मुहूर्त ठरलेला असे : दसरा आटोपल्यावर आणि चकलीची भाजणी दळायला टाकण्यापूर्वी येणारा रविवार. नागपूरचा ऑक्टोबर दुपारी अंग भाजून काढतो, म्हणून मोठी आई सगळ्यांना पहाटे पाचलाच उठवीत असे. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी. आम्हा नऊ चुलत भावंडांच्या घराची खरी कारभारीण तीच होती.

गेल्या वर्षी भाद्रपदात ती गेली. यंदा तिचे कपाट आवरताना लाल पुठ्ठ्याची एक हिशेबाची वही सापडली. 1978 पासूनच्या प्रत्येक सहलीचा खर्च तिने त्यात लिहून ठेवला होता : बसभाडे, नारळ, फुटाणे, माकडांनी पळवलेली केळी (ही केळी दरवर्षी वेगळ्या ओळीत). प्रत्येक हिशेबाखाली एखाददुसरे वाक्य होते. "मधली सून पहिल्यांदा सोबत. पायऱ्या मोजत होती, चुकली." "थोरला मॅट्रिक झाला, पेढे गडावरच वाटले." "नातू स्वतःच्या पायाने चढला. दोनदा बसला." गडावर वराहाची भली मोठी पाषाणमूर्ती आहे, आणि तिच्या पोटाखालून निघताना पापी माणूस अडकतो, अशी जुन्या लोकांची समजूत आहे. त्याविषयीही एका वर्षीची नोंद आहे : "भाऊजी वराहाखाली अडकले. पाप नव्हे, पोट."

ज्या वर्षी मोठे बाबा गेले, त्या वर्षीही सहल चुकली नाही. पायथ्याच्या अंबाळा तलावावर, जिथे लोक पिंडदानासाठी येतात, तिथे आधी विधी झाले आणि मग सगळे गड चढले. त्या पानावर हिशेब पूर्ण आहे, पण खालचे वाक्य नाही.

ही वही वाचल्यावर वाटले की इतरांच्या घरीही अशी पाने असतील, लिहिलेली किंवा न लिहिलेली. गेलेल्या माणसाविषयी लिहायला बसलो की आपण मायाळू, कष्टाळू, हसतमुख अशी विशेषणे मांडत जातो, आणि वाचणाऱ्याला त्यांतून माणूस काही दिसत नाही. म्हणून एक विनंती आहे. सहलीत त्या व्यक्तीकडे कोणते काम असे आणि आता ते कोण करते, एवढे लिहावे. त्या सुमारास घरात काही नवे घडले असेल, बारसे, निकाल, पहिली नोकरी, तर तेही लिहावे. काळ शरदाचाच धरावा. पितृपक्षात ज्यांच्या नावाने पान वाढले, त्यांच्याशिवाय दोन-चार आठवड्यांतच सहलीचा डबा भरावा लागतो, आणि उणीव बहुधा तेव्हाच कळते. आमच्याकडे मोठ्या आईचे काम माणसे मोजण्याचे होते. बसमध्ये चढताना, गडावर आणि उतरल्यावर, असे तीनदा ती मोजत असे. यंदा आम्ही तिघांनी मोजले आणि तीन वेगळे आकडे आले.

(आलेले अनुभव पुढे दिले आहेत.)

नात, मोतीबाग

माझे आजोबा नागपूर–नागभीड मार्गावर गार्ड होते. अडीच फूट अंतराच्या रुळांवरून जाणाऱ्या त्या गाडीला आमच्या घरात कोणी नॅरोगेज म्हणत नसे, ती "छोटी लाइन" होती. निवृत्तीनंतर दिवाळीच्या सुटीत ते आम्हा नातवंडांना इतवारीहून उमरेडपर्यंत, आणि आजीने भिवापुरी मिरची आणायला सांगितली असेल तर भिवापूरपर्यंत घेऊन जात. वाटेतल्या प्रत्येक स्टेशनवर आपले मनगटी घड्याळ तिथल्या घड्याळाशी जुळवून पाहणे, हे काम त्यांनी स्वतःकडे घेतले होते. "चौदा मिनिटे," असे ते म्हणत, आणि नोकरी सुटून दहा वर्षे झाली असली तरी त्या चौदा मिनिटांचा जबाब आपल्यालाच द्यायचा आहे, अशा चेहऱ्याने पुढे बसून राहत.

2019 च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजच्या कामासाठी ही लाइन बंद झाली तेव्हा आम्ही सगळे हळहळत होतो. आजोबांना मात्र मुळीच वाईट वाटले नाही. हे वीस वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते, लोकांनी किती हाल सोसले, असे ते म्हणाले. जुन्या गाड्यांविषयीचे उमाळे बहुधा त्यांतून रोज प्रवास न करणाऱ्यांनाच येतात, हे मला त्या दिवशी कळले. दोन वर्षांनी ते गेले. माझ्या भाच्याचा पाचवा वाढदिवस आम्ही मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात केला. तिथे मुलांसाठी असलेल्या लहान गाडीत तो बसला, आणि गाडी सुटायला उशीर होताच माझ्या बहिणीने न कळत मनगट वर केले. आजोबांचे घड्याळ आता तिच्या हातावर असते. ते दिवसाला सहा मिनिटे मागे पडते.

नातू, इंदोरा

आमच्या घरी दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीला जाण्याला सहल म्हणावे की नाही, यावर मतभेद आहेत. वडिलांना तो शब्द हलका वाटतो. आजोबा मात्र "डबा घेतला की सहल" असे म्हणत, आणि या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचाच असे, कारण 14 ऑक्टोबर 1956 रोजी ते तिथे प्रत्यक्ष हजर होते. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते आणि कामठीजवळच्या आमच्या गावाहून इतरांबरोबर पायी आले होते. भदन्त चंद्रमणी महास्थवीरांनी बाबासाहेबांना दीक्षा दिली आणि त्यानंतर बाबासाहेबांनी समोरच्या लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, हे आज सर्वांना ठाऊक आहे. आजोबांची आठवण मात्र एवढीच होती की गर्दीत ते फार मागे उभे होते, त्यामुळे दिसले काहीच नाही, ऐकू सगळे आले, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाने त्यांना स्वतःजवळची अर्धी भाकरी दिली. ही भाकरी आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की ती ज्वारीची होती, हेही घरातल्या लहान मुलांना सांगता येते.

दीक्षाभूमीवर त्यांच्याकडे दोन कामे असत. गर्दीत चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, ती जागा ते आधी ठरवीत. दुसरे काम अधिक मोठे होते : पुस्तकांच्या दुकानांतून प्रत्येक मुलासाठी एकेक पुस्तक निवडणे. आजीला किमती सांगायच्या नाहीत, ही अट असे. खरेदी झाली की सावली पाहून बसायचे, डबा उघडायचा आणि ज्याने त्याने आपल्या पुस्तकाचे पहिले पान मोठ्याने वाचायचे. सहाव्या वर्गात मला हे लाजिरवाणे वाटे, आणि मी पान मुद्दाम भरभर वाचत असे. तेव्हा ते पुन्हा वाचायला लावीत.

माझी बहीण वकील झाली त्या वर्षी त्यांनी दुकानातून काही घेतले नाही. पिशवीतून भारतीय संविधानाची प्रत काढून तिच्या हातात ठेवली. तिने कायद्याला प्रवेश घेतला त्याच दसऱ्याला ती विकत घेतली होती आणि तीन वर्षे पेटीत सांभाळली होती. ते जाऊन आता चार वर्षे झाली. पुस्तके ज्याची त्याने निवडायची, असे आम्ही ठरवले आहे. गेल्या दसऱ्याला आमच्या घरी एकाच पुस्तकाच्या तीन प्रती आल्या.

मुलगी, इतवारी

आमच्याकडे या दिवसांत सहल नसेच. कापडाचे दुकान असलेल्या घरात नवरात्र ते दिवाळी म्हणजे रात्री बारापर्यंत गिऱ्हाईक. कोजागिरीला तेवढे बाबा दहा वाजता शटर ओढत आणि आम्ही सगळे गच्चीवर जात असू. दूध आटवणे आणि सर्वांत मोठी म्हणून माझी आश्विनी करताना आईच्या हातातले निरांजन वाऱ्यापासून झाकणे, ही दोन्ही कामे त्यांचीच होती. आता दुकान भावाकडे आहे, आणि तो कोजागिरीलाही बारापर्यंत बसतो.

(मूळ विनंती करणारीची एक नोंद : गच्चीवर जाणे ही सहल कशी, असे कोणी विचारू नये. दहा वाजता ओढलेले शटर आमच्या रामटेकच्या पन्नास किलोमीटरांपेक्षा लांबचे होते.)

भाची, काटोल रोड

काटोलजवळ मामाची संत्र्याची बाग होती. आंबिया बहराची फळे तोडणीला आली की भाऊबीजेनंतर आम्ही तिथे जात असू. मुलांनी कोणत्या झाडाचे खायचे, ते मामा ठरवीत. बहुतेक वेळा धुऱ्याकडचे, व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटलेले झाड आमच्या वाट्याला येई. फळ ओढायचे नाही, देठ ठेवून कात्रीने कापायचे, हा त्यांचा दंडक होता, कारण ओढलेल्या फळाची साल देठापाशी फाटते आणि असे एक फळ पेटीतल्या इतर फळांनाही सडवते. कात्री ते गळ्यात दोरीला बांधून फिरत. मामीच्या दृष्टीने ते दागिने घालण्याइतके हास्यास्पद होते.

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला तिची तुला आपल्याच बागेतल्या संत्र्यांनी करायची, असे मामांनी फार आधीपासून ठरवले होते. प्रत्यक्षात आजीच्या आधी तेच गेले. झाडांना डिंक्या रोग लागलाच होता, आणि पुढच्या दोन हंगामांत मामेभावांनी बाग काढून तिथे कपाशी घेतली. या निर्णयाबद्दल नातेवाइकांत बरेच बोलले गेले. मला तो चुकीचा वाटत नाही, कारण रोगट झाडे भावनेवर जगत नाहीत आणि कर्जही भावनेवर फिटत नाही. तुला मात्र झाली. त्यासाठी मामेभावाने कळमना बाजारातून संत्री आणली. पारड्यातून उतरल्यावर आजीने त्यांतले एक सोलले, एक फोड तोंडात टाकली आणि सर्वांसमोर म्हणाली, "आंबट आहे. आपली नाहीत."

मामेभाऊ हसला, मग उठून विहिरीकडे गेला. बराच वेळ परत आला नाही.

निवृत्त कर्मचारी, धरमपेठ

आधीच्या लेखनांत सर्व जण वडीलधाऱ्यांविषयी लिहीत आहेत. मी माझ्या पत्नीविषयी लिहितो. दिवाळी सरली आणि सांबार स्वस्त झाला की आम्ही तेलंगखेडीच्या बागेत जात असू, आणि डब्यात सांबारवडी असे. पुण्यामुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो : सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरच्या सांबाराशी तिचा काही संबंध नाही. आमच्या जावयाने पहिल्या दिवाळसणाला हा प्रश्न विचारला होता आणि पुढे अकरा वर्षे तो त्याला ऐकवला गेला.

सहलीत माझ्याकडे सतरंजी आणि पाण्याची कॅन एवढेच असे. बाकी सगळे तिच्याकडे होते, हे मला या चैत्रात, ती गेल्यावर समजले. मुलगी येत्या रविवारी पुण्याहून येत आहे आणि नात पहिलीत गेल्यापासून प्रथमच सोबत असेल, तेव्हा वडी घरीच करायची, असे मी ठरवले आहे. आतापर्यंत तीन वेळा करून पाहिली. सारण बरे जमते : सांबार धुऊन कपड्यावर पूर्ण सुकवायचा, नाहीतर वडी भिजते; मग खसखस, सुके खोबरे, तीळ, चारोळी घालायची. आवरणाला आतून चिंच-गुळाचे आणि गरम मसाल्याचे बोट फिरवायचे. पण तेलात सोडली की तिची शिवण उकलते आणि सारण कढईभर पसरते. आवरणाच्या मैद्यात बेसन वाढवून पाहा, असे मुलीने फोनवर सांगितले आहे. शेजारच्या वहिनींचे मत आहे की घडीच्या कडेला पाणी कमी लागते आहे. शनिवारी दुपारी चौथ्यांदा करून पाहणार आहे. कोणाला नेमके माहीत असल्यास त्यापूर्वी कळवावे.