‘नीतिमान ठरवणे’ साध्या मराठीत कसं सांगू? मदत हवी आहे

मी लुथरन या ख्रिस्ती पंथाचा पाळक, म्हणजे धर्मगुरू आहे. ३१ ऑक्टोबरच्या धर्मसुधारणा दिनाचा उपदेश लिहिताना ‘नीतिमान ठरवणे’, म्हणजे देवाने माणसाला आपल्यासमोर निर्दोष गणणे, या शब्दावर अडलोय. १५३० चा ऑग्सबर्ग विश्वासांगीकार म्हणजे लुथरन विश्वासाचा मूळ जाहीरनामा. त्याचं चौथं कलम सांगतं, माणूस कर्मांनी नव्हे तर ख्रिस्ताकरता, विश्वासाने, फुकट नीतिमान ठरतो. पण मंडळीला ‘नीतिमान’ म्हणजे सद्वर्तनी माणूसच वाटतो. गेल्या रविवारी उपासनेनंतर दाराशी एका आजींनी माझा हात घट्ट धरला. "पाळकसाहेब, सुनेशी रोज भांडते मी. मी कसली नीतिमान?" सुवार्ता, म्हणजे देवाच्या कृपेची बातमी ऐकायला आल्या आणि नियमशास्त्राचं, म्हणजे देवाच्या आज्ञांचं ओझं घेऊन गेल्या. फार लागलं मनाला.

कर्जमाफीचं उदाहरण दिलं की पापक्षमा कळते, पण ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपलं होतं, ते कसं समजावू? सातबाऱ्यावर नाव चढवण्याचं उदाहरण चालेल का? तुम्ही काय सांगता?