फॅमिली ग्रुप: डबल मेजर घेऊ की जीपीए सांभाळू?

मी: सगळ्यांना विचारतेय, भांडू नका. कॉलेजात इकॉनॉमिक्स मेजर, म्हणजे मुख्य विषय, आहेच. जोडीला मॅथ्सही मेजर म्हणून घ्यायचं का, हे या महिन्यात ठरवायचंय. 60 क्रेडिट झालेत, जीपीए (ग्रेडची सरासरी) 4 पैकी 3.8. मॅथ्स घेतलं की तो घसरणार. मागच्या सेमिस्टरला लिनियर अल्जिब्रात बी आला.

मोठे काका: दोन मेजर म्हणजे दोन डिग्र्या ना? मग विचार कसला, घेऊन टाक!

ताई: काका, डिग्री एकच, तिच्यावर दोन मेजर. दोन डिग्र्यांचं प्रकरण वेगळं, त्याला क्रेडिटही जास्त लागतात.

मोठे काका: अस्सं. मग माझं मत मागे.

बाबा: मी हिशोब केला. एकूण 120 क्रेडिट धर. उरलेल्या 60 मध्ये 3.7 राखलास तर शेवटी 3.75. मॅथ्समुळे 3.3 वर आलीस तर 3.55. सगळा फरक 0.2 चा! एवढ्यासाठी फोनवर रडारड?

मी: बाबा, मी रडले नव्हते. सर्दी झाली होती.

दादा: 0.2 पडतो कुठे ते बघ. बऱ्याच कंपन्या अर्ज चाळताना 3.5 ची रेघ मारतात. 3.55 वरून तीन-तीन क्रेडिटच्या दोन कोर्सला सी आला तर?

बाबा: थांब. 3.485. अरे बापरे.

दादा: तेच म्हणतोय. आणि लॉ स्कूलला जायचं असेल तर दुसरं मेजर विसरच. तिथे एलसॅट (लॉची प्रवेश परीक्षा) आणि जीपीएचा आकडा आधी बघतात, विषय किती अवघड होता ते नंतर.

मी: लॉ नाही. इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी डोक्यात आहे, पण पक्कं नाही.

ताई: अगं, हे आधी सांगायचंस ना! पीएचडीला घेणारे प्रोफेसर ट्रान्स्क्रिप्टवर (सगळ्या कोर्सच्या गुणपत्रकावर) मॅथ्सच शोधतात. मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, लिनियर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी आणि मुख्य म्हणजे रिअल अनॅलिसिस. नुसते सोपे कोर्स करून आणलेला 3.9 त्यांना लगेच कळतो. पण नुसतं "मॅथ्स मेजर" लिहिलेलं आणि अनॅलिसिसला सी, हेही चालत नाही. त्यांना कोर्स हवेत, बिरुद नको. मेजर पुरं करायला वर अॅब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रासारखे कोर्स लागतील, ते तुझ्या कामाचे कितपत?

मामी: अवघड विषय पास-फेलवर नाही का घेता येत?

ताई: घेता येतात, पण मेजरसाठी बहुतेक विभाग ते धरत नाहीत. शिवाय अनॅलिसिसपुढे नुसतं "पास" बघून शंकाच येते.

आई: झोपतेस ना नीट? आकडे राहू देत.

मी: झोपते गं. ताई, मग मॅथ्स मायनर घेऊ, म्हणजे कमी कोर्सचा जोडविषय? अनॅलिसिस त्यातही बसतं.

ताई: बघ बाई. मी तर या सेमिस्टरला एकटं अनॅलिसिस घेईन, बाकी हलके विषय. पहिल्या परीक्षेनंतर कळतंच. कोर्स ड्रॉप करायची, म्हणजे सोडायची, शेवटची तारीख तेवढी आधी बघून ठेव. डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडल्याचा शेरा) लागला तरी जीपीएत धरत नाहीत.

दादा: एखादा डब्ल्यू कोणी मनावर घेत नाही. चार लागले तर विचारतील.

मी: ठरलं. उद्या अॅडव्हायजरला भेटते, मेजरचा फॉर्म तूर्त भरत नाही.

मोठे काका: हे रिअल अनॅलिसिस म्हणजे काय? खोटं पण असतं का?

मी: काका, कॉम्प्लेक्स असतं. त्यात इमॅजिनरी आकडे येतात.

मोठे काका: तुझ्या बाबांचा पगारवाढीचा हिशोब असतो तसे?

बाबा: मी ग्रुप म्यूट करतोय.