आर्वो पेर्ट आठ वर्षं गप्प का होते?

निवांतश्रोता: एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पेर्ट यांची 'श्पीगल इम श्पीगल' ही रचना महिनाभर रोज रात्री ऐकतोय. १९६८ ते १९७६ या काळात त्यांनी फारसं काही लिहिलं नाही, असं वाचलं. सोव्हिएत सरकारने तोंड बंद केलं, की सुचतच नव्हतं?

पेटीमास्तर: दोन्ही, पण कोंडी जास्त आतली. १९६८ साली टॅलिनमध्ये, म्हणजे तेव्हा सोव्हिएत राजवटीत असलेल्या एस्टोनियाच्या राजधानीत, त्यांची 'क्रेडो' ही रचना वाजली. त्यात येशूवरची श्रद्धा उघड बोलून दाखवली होती, त्यामुळे सरकार बिथरलं आणि बंदी आली. पण बारा सुरांची पद्धत (बाराही सूर सारख्याच मानाने वापरायचे), कोलाज (वेगवेगळ्या संगीताचे तुकडे जोडायचे), सगळं करून झालं होतं, तरी मन भरत नव्हतं. मग हा माणूस पार मुळाक्षरांकडे गेला. ग्रेगोरियन गायन, म्हणजे चर्चमधलं जुनं एकसुरी प्रार्थनागायन, ऐकलं, साथ नसलेल्या एकपदरी सुरावटी लिहून वह्या भरल्या. मधे १९७१ला तिसरी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदाची मोठी रचना, झाली, पोटासाठी चित्रपटसंगीत होतंच.

आणि १९७६ला आलं 'फ्युर अलिना', पियानोसाठीचं. जेमतेम दोन पानं. मी पेटी शिकवतो; गेल्या पावसाळ्यात हे पियानोवर बसवायला घेतलं. सूर पाच मिनिटांत वाचून होतात. उजवा हात सुरावटीत पायरीपायरीने चालतो, डावा त्याच्याखाली ठरलेल्या तीन सुरांतलाच एक लावतो. आधी दोन सूर, मग प्रत्येक मापात (स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधल्या भागात) एकेक वाढतो, मग तसेच कमी होत जातात. पायाखालचं पेडल मात्र दाबून धरायचं, म्हणजे सूर लांबत राहतात. पेटीवर हात चुकला तर एखादी हरकत, म्हणजे छोटी सुरांची नक्षी, घेऊन निसटता येतं, इथे चुकलेला सूर विरेपर्यंत खोलीतच राहतो. मला पहिली ओळ नीट यायला तीन आठवडे लागले. ती आठ वर्षं कशात गेली, ते तेव्हा मला समजलं.

सांजवेळ: लहानपणी पेर्ट यांच्या घरच्या पियानोचा मधला भाग बिघडलेला होता, म्हणून ते वरच्या आणि खालच्या टोकाचे सूर वाजवत बसायचे. 'अलिना'तही खाली खोल खर्ज आणि बाकी सगळं वर आहे, हे मला फार भिडतं. १९८०मध्ये देश सोडून ते व्हिएन्नाला, मग बर्लिनला गेले. १९८४च्या 'टॅबुला रासा' या त्यांच्या रचनांच्या रेकॉर्डनंतर जग ओळखू लागलं. आता पुन्हा एस्टोनियात असतात.

निवांतश्रोता: मास्तर, माझ्याकडे साधा कीबोर्ड आहे, पेडल जोडता येतं. चालेल?

पेटीमास्तर: चालेल की. आवाज कमी ठेवा आणि पंखा बंद करा. सूर पूर्ण विरेपर्यंत पुढच्या मापाला हात लावू नका.